एकच भाव

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, सायंकाळचे सहा वाजून गेल्यावर, पैठण गेटकडून गुलमंडीकडे निघालेल्या मनुष्याने आपण चालत आहोत असे मानणे हा केवळ अभिमानाचा भाग होय. वस्तुतः त्या वेळी रस्ताच चालत असतो आणि मनुष्य त्याच्यासवे वाहत असतो. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसविली, तेव्हापासून या नगराने आपले नाव किती वेळा बदलले याचा हिशेब इतिहासकारांनी ठेवावा. गुलमंडीने मात्र आपला स्वभाव सोडलेला नाही. 'गुल' म्हणजे फूल आणि 'मंडी' म्हणजे बाजार, अशी या नावाची फोड जाणते लोक सांगतात. फुले आता कोपऱ्याकोपऱ्यानेच उरली आहेत, परंतु बाजार भरगच्च आहे, आणि बाजाराचा जो प्राण, ती घासाघीस, तर तेथे अहोरात्र चालू असते. असल्याच एका सायंकाळी, माझ्या ओळखीच्या एका कापड-दुकानात, दिवाणजींच्या गादीशेजारी स्टुलावर बसून चहा घेत असताना मी जे पाहिले, ते प्रस्तुत लेखाचे निमित्त आहे.

एक बाई आपल्या आठेक वर्षांच्या मुलासाठी सदरा घेत होत्या. दुकानदाराच्या डोक्यावर, देवाच्या तसबिरीखाली, 'एकच भाव' अशी पाटी होती, आणि त्या पाटीखालीच साडेचारशेचा सदरा बाईंनी मोठ्या कौशल्याने तीनशे ऐंशीवर आणून ठेवला होता. मुलाचे लक्ष सदऱ्याकडे नव्हते. समोरच्या हातगाडीवर टिकल्यांची पिस्तुले टांगली होती, आणि त्याला त्यांतले एक हवे होते. त्याने प्रथम आईचा पदर ओढला. आई 'नाही' म्हणाली. तो मोठ्याने बोलला. आई पुन्हा 'नाही' म्हणाली, परंतु या खेपेस तिने दुकानात कोण कोण बसले आहे ते पाहून घेतले. मग त्याने तिच्या नडगीवर बूट मारला, आणि लगोलग अशी एक शिवी हासडली की ती देण्याचे वय त्याला यायला अजून दहा वर्षे तरी अवकाश होता. आणि ती शिवी त्याने मुलाच्या स्वरात दिली नाही, एखाद्या मोठ्या माणसाच्या स्वरात दिली, त्यातल्या हेलासकट. दुकान क्षणभर निःशब्द झाले. बाई ओशाळे हसल्या, "लई तापट आहे हो, बापावर गेलाय," असे सर्वांना उद्देशून म्हणाल्या, आणि पर्समधून शंभराची नोट काढून मुलाच्या हातात दिली. मुलगा रस्ता ओलांडून गेला.

दिवाणजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "बघितलं का, मास्तर? आईनं सत्तर पाडले, पोरानं शंभर वसूल केले."

बालकांच्या उद्दंड, हिंसक आणि शिवराळ वर्तनाच्या कारणांविषयी जे काही शास्त्रीय साहित्य माझ्या वाचनात आले आहे, त्याचे सार इतक्या थोडक्यात सांगितलेले मी अन्यत्र ऐकलेले नाही. आपण सामान्यतः असे मानतो की अशा वर्तनाचे कारण मुलाच्या ठायी कोठेतरी दडलेले असते, जणू लाकडात कीड असावी तसे. आणि ते शोधून काढले, ठोकून काढले किंवा मंत्राने उतरविले, म्हणजे मूल निर्मळ होईल. दिवाणजींना मात्र दुकानात मुलगा दिसला नाही, सौदा दिसला. आणि सौद्याला नेहमी दोन पक्ष असतात.

अमेरिकेतील ओरेगन प्रांतात जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच सौद्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. ज्या घरांतील मुले आवरत नव्हती त्या घरी जाऊन, भिंतीकडेला बसून, कोण काय बोलले, त्यावर दुसऱ्याने काय केले, आणि मग काय झाले, याच्या त्यांनी बारीक नोंदी ठेवल्या. १९८२ साली पॅटरसनने या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, मूल ओरडते, आई त्रासून मागणी पुरी करते, आणि ओरडणे थांबते. येथे मुलाला ओरडण्याचे मोल मिळाले हे तर उघडच आहे, परंतु आईलाही काही मिळाले, ते म्हणजे शांतता, आणि तीही रोख. म्हणून पुढल्या वेळी मूल ओरडण्याकडे जसे लवकर वळते, तशी आई शरणागतीकडे लवकर वळते. कधी हाच व्यवहार उलट दिशेने होतो: बाप आवाज चढवितो, मूल गप्प होते, बापाला शांतता मिळते, आणि आवाज चढविणे हेच चलनी नाणे आहे हा धडा मुलाला विनामूल्य मिळतो. अशा घरात प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा एक पायरी वर चढूनच बोलतो. कारण खालच्या पायरीवरचे बोलणे तेथे कोणी ऐकतच नाही. पदर ओढण्यापासून बूट मारण्यापर्यंतचा त्या मुलाचा प्रवास अर्ध्या मिनिटाचा होता. त्या जिन्याच्या पायऱ्या मात्र कित्येक महिने खपून बांधलेल्या असणार.

आणि येथेच त्या पाटीचे महत्त्व आहे. ज्या दुकानात 'एकच भाव' लिहिलेला असतो आणि तो खरोखरच एक असतो, तेथे गिऱ्हाईक एकदा विचारते, फार तर दोनदा, आणि मुकाट्याने पैसे मोजते किंवा निघून जाते. ज्या दुकानात पाटीच नाही, तेथे घासाघीस होते ती खेळीमेळीने, कारण उभयपक्षी रिवाज ठाऊक असतो. परंतु पाटी आहे आणि भाव मात्र कधी उतरतो, कधी उतरत नाही, अशा दुकानातील घासाघीस सर्वांत कडवी असते. तेथे गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरून पुन्हा चढते, अपमान गिळते, परंतु हटत नाही, कारण मागच्या खेपेस सातव्यांदा विचारल्यावर भाव उतरला होता हे त्याच्या स्मरणात असते. बी. एफ. स्किनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने पारव्यांवर आणि उंदरांवर प्रयोग करून नेमके हेच दाखविले होते: ज्या कृतीला दर वेळी दाणा मिळतो, ती कृती दाणा बंद होताच लवकर सुटते, जिला कधी मिळतो, कधी मिळत नाही, ती सुटता सुटत नाही. पाच वेळा ठामपणे 'नाही' म्हणून सहाव्यांदा 'हो' म्हणणाऱ्या आईबापांना वाटते की आपण पाच वेळा शिस्त लावली. वस्तुतः त्यांनी मुलाला सहा वेळा मागण्याची चिकाटी शिकविलेली असते.

आता 'बापावर गेलाय' या वाक्याकडे येऊ. कारण गुलमंडीतच काय, मराठी बोलणाऱ्या कोणत्याही घरात या प्रश्नाचा निकाल बहुधा याच वाक्याने लागतो. त्यात तथ्याचा अंश नाही असे नाही. काही अर्भके जन्मतःच चटकन भडकणारी, झोपेची कच्ची, स्पर्शाने दचकणारी असतात, आणि या स्वभावभेदात आनुवंशिकतेचा वाटा असतो. न्यूझीलंडमधील डुनेडिन नगरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा आजतागायत पाठपुरावा चालू आहे. त्यांतील मुलग्यांविषयी अवशालोम कास्पी, टेरी मॉफिट आदी संशोधकांनी २००२ साली असा निष्कर्ष मांडला की एका विशिष्ट जनुकाचा विशिष्ट प्रकार असणारे मुलगे पुढे हिंसक निघण्याचा संभव अधिक होता खरा, परंतु तो मुख्यतः ज्यांचा बालपणी छळ झाला त्यांच्यातच. तोच जनुकप्रकार घेऊन जन्मलेले परंतु मायेने वाढलेले मुलगे इतरांसारखेच निघाले. एकाच जनुकावर एवढा मोठा भार टाकता येत नाही हे पुढील संशोधनाने बजावले आहे. तथापि बियाणे आणि जमीन यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही, एवढे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कोणत्याही संशोधकाने सांगण्याची गरज नाही. शिवाय 'बापावर गेलाय' म्हणणारी आई हे सांगत नाही, किंवा सांगू शकत नाही, की बाप कसा आहे हे त्या मुलाने रक्तातून जाणले की डोळ्यांनी पाहिले.

कॅनडातील रिचर्ड ट्रॅम्ब्ले यांनी एक गोष्ट ठासून मांडली, जी ऐकून मला प्रथम नवल वाटले आणि मग आपल्या घरातील रांगती बाळे आठवून हसू आले. मनुष्यप्राणी आयुष्यात सर्वाधिक मारामारी करतो ती तारुण्यात नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सुमारास. चावणे, ओरबाडणे, खेळणे हिसकावणे, डोक्यात डबा घालणे, हे त्या वयात नित्याचे असते. ती बाळे दुबळी असतात म्हणून कोणाचा जीव जात नाही, एवढेच. पुढे बहुतेक मुले हळूहळू हे सोडतात, कारण त्यांना भाषा येते, थांबता येते, आणि कोणीतरी हात धरून, डोळ्यांत पाहून, न रागावता, हजार वेळा थांबविलेले असते. तेव्हा 'हे मूल मारायला कोठे शिकले?' हा प्रश्न अर्धाच खरा आहे. 'न मारायला ते का शिकले नाही?' हा त्याचा उरलेला अर्धा भाग होय.

आणि शिकवणीचे म्हणाल तर आपण ती फार लवकर सुरू करतो. बाळ उंबऱ्याला अडखळून पडते, आजी धावत येते, त्याला उचलते, आणि दुसऱ्या हाताने उंबऱ्यावर चापट मारून म्हणते, "हात् रे उंबऱ्या! आमच्या सोन्याला पाडलं का? थांब, तुला मारते." बाळाचे रडणे थांबते. मग आजी बाळाचाच हात धरून उंबऱ्याला दोन चापट्या देववते, आणि बाळ खुदकन हसते. या प्रेमळ दृश्यावर टीका करण्याचे धैर्य मला आजवर झाले नव्हते, कारण माझ्याही आजीने आमच्या वाड्याच्या उंबऱ्याला शेकडो वेळा मार दिलेला आहे. परंतु विचार करता असे दिसते की दुःख झाले तर त्याला कोणीतरी दोषी असतोच, दोषी सापडला की त्याला मारावे, आणि मारले की बरे वाटते, हे तीन सिद्धान्त बालकाला बोलता येण्यापूर्वीच आपण तोंडपाठ करवून घेतलेले असतात. पुढे त्याला धाकटी बहीण झाली की उंबऱ्याची जागा तिला मिळते.

वाड्यांचा विषय निघालाच आहे तर दुसरी एक गोष्ट सांगतो. रंगार गल्लीतल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर दुपारच्या वेळी तीन-चार मुले 'शाळा शाळा' खेळत होती. विद्यार्थी म्हणून ओसरीचे लाकडी खांब होते, आणि सहा वर्षांची एक मुलगी, आईची ओढणी साडीसारखी खांद्यावर घेऊन, हातात फूटपट्टी धरून, खांबांपुढून फिरत होती. अर्धा तास मी पाहत होतो. त्या अर्ध्या तासात तिने खांबांना एकही अक्षर शिकविले नाही, एकही गोष्ट सांगितली नाही. "हात पुढे," "मूर्ख," "उद्या बापाला घेऊन ये," एवढाच तो अभ्यासक्रम होता, आणि प्रत्येक खांबाला पट्टीचे फटके मिळत होते. मुलगी दुष्ट नव्हती. खेळ संपल्यावर तिनेच मला पेरूची फोड आणून दिली. शाळा म्हणजे काय याविषयी जे तिच्या ध्यानी सर्वाधिक ठसले होते, ते ती दाखवीत होती.

१९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बँडुरा यांनी केलेला प्रयोग हा त्या ओसरीचाच बंदिस्त अवतार म्हणता येईल. तीन ते सहा वर्षांची ७२ मुले घेऊन त्यांनी तीन सारखे गट पाडले. २४ मुलांपुढे एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारले, हातोडीने बदडले आणि मारता मारता ठराविक शब्दही उच्चारले. दुसऱ्या २४ मुलांपुढे मोठा माणूस शांतपणे खेळला. उरलेल्यांना काहीच दाखविले नाही. नंतर मुलांना त्या बाहुल्यासह खेळायला सोडले असता पहिल्या गटातील पुष्कळांनी मारहाणीची हुबेहूब नक्कल केली, आणि काहींनी मारतानाचे शब्ददेखील जसेच्या तसे उच्चारले. दुकानातल्या त्या मुलाची शिवी हेलासकट का होती, याचा उलगडा येथे होतो. शिवीचा अर्थ लहान मुलाला ठाऊक नसतो. तिचे वजन ठाऊक असते. ती उच्चारली की समोरचा माणूस दबतो, एवढे त्याने पाहिलेले असते.

आणि बहुतेक घरांत समोरचा दबणारा माणूस म्हणजे आई असते. ज्या घरात नवरा बायकोचा पाणउतारा मुलांदेखत करतो, सासू सुनेला नावाने न हाकारता दूषणाने हाकारते, त्या घरात कोणावर हात उचलावा आणि कोणापुढे मान खाली घालावी याचा अलिखित जाहीरनामा लागलेला असतो, आणि मुलांना तो अक्षरओळख होण्यापूर्वी वाचता येतो. आईला बूट मारणारा मुलगा बापाला बूट मारीत नाही. म्हणजे त्याला राग आवरत नाही हे खरे नव्हे. कोणापुढे आवरावा हे त्याला उत्तम कळते. त्यातच मुलगा असला तर 'वाघ आहे माझा' म्हणणारे कोणीतरी शेजारी उभे असतेच.

मार देऊन हे वर्तन सुधारते, हा आपला जुना विश्वास. पाच वर्षे लाड करावेत, दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागले की पुत्राशी मित्रासारखे वागावे, अशा आशयाचे एक सुभाषित जुनी मंडळी नेहमी ऐकवितात. गंमत अशी की, त्यातले लाड आणि मैत्री यांचे विस्मरण होऊन मधले ताडन तेवढे सर्वांच्या स्मरणात राहिले आहे. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ बालकांना प्रश्न विचारण्यात आले होते. त्यांतील तीनांपैकी दोन बालकांनी आपल्याला मार बसल्याचे सांगितले, घरात मार खाल्लेल्यांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे हात प्रत्यक्ष आईवडिलांचेच होते, आणि शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेतल्या माराची कबुली दिली. माराने मुले सुधारत असती तर एवढ्या भांडवलावर आपला देश एव्हाना साधुसंतांनी भरून गेला असता. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास मनाई केली. परंतु कायदा शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचतो, त्याच्या आत फूटपट्टीचाच अंमल चालत असल्याची साक्ष ओसरीवरचे खांब देतील.

मार खाऊन वाढलेल्या मुलाचे आणखी एक नुकसान होते, ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतील केनेथ डॉज यांनी दाखवून दिले की उग्र मुलांना इतरांच्या साध्या, संदिग्ध कृतीतही वैर दिसते. गुलमंडीतून खांद्याला खांदा लागल्यावाचून कोणाला जाता येत नाही. शंभरांतील नव्याण्णव माणसे तो धक्का गर्दीच्या खात्यावर मांडतात आणि पुढे जातात. ज्याने लहानपणापासून पाठीमागून येणारा हात मारण्यासाठीच येतो असे अनुभविले, तो मुलगा मात्र गर्रकन वळून गचांडी धरतो, आणि त्याच्या दृष्टीने तो हल्ला करीत नसतो, बचाव करीत असतो.

निजामी राजवटीत या नगरात दोन नाणी चालत: राज्याचा हाली शिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानातला कलदार, सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब असे. हद्द ओलांडून मनमाडकडे जाणाऱ्या माणसाच्या खिशात केवळ हाली असला तर त्याची पंचाईत होई. उद्दंड म्हणून शाळेतून ज्यांच्याविषयी तक्रारी येतात त्यांतील पुष्कळ मुलांची अवस्था अशी असते. घरात जे चालते, म्हणजे ओरडणे, हिसकावणे, शिवी, तेच ते शाळेत काढून दाखवितात, आणि तेथे ते नाणे खोटे ठरते. ते खोटे ठरविणे शाळेचे कर्तव्यच आहे. परंतु बदलून देणारी सराफी पेढी शाळेने उघडलेली नसते. उलट अशा मुलांची एक निराळी तुकडी करून टाकण्याची युक्ती योजिली जाते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दहावी फ' हा २००२ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना शेवटच्या तुकडीतली ती अवमानित मुले स्मरत असतील, जी संतापाने शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड करतात, आणि ज्यांना एक शिक्षक स्वकष्टाने पैसे मिळवून ती पुन्हा उभारायला लावतो. माझ्या मते तो शिक्षक दयाळू होता यापेक्षा तो हिशेबी होता हे अधिक महत्त्वाचे आहे: त्याने नुकसान माफ केले नाही आणि मुलांनाही मोडीत काढले नाही.

देहाची कारणे वेगळी असतात, आणि ती तपासण्याआधी कोणालाही उद्दंड ठरवू नये. ज्याला कमी ऐकू येते, ज्याला अक्षरे नाचताना दिसतात, जो क्षणभरही स्थिर बसू शकत नाही, ज्याला मनातले सांगायला शब्द सापडत नाहीत, ते मूल हाताने बोलू लागते. मुलांमधील खिन्नता पुष्कळदा रडक्या चेहऱ्याने येत नाही, चिडक्या चेहऱ्याने येते. आणि कालपर्यंत शांत असलेले मूल एकाएकी हिंसक झाले, तर ते बिघडले असे म्हणण्यापूर्वी त्याच्यावर कोणी अतिप्रसंग तर केला नाही, हे हळुवारपणे जाणून घेतले पाहिजे. मोबाइलविषयी येथे मी विस्ताराने लिहीत नाही. त्याच्या माथी सर्व काही मारणे ही आपली सर्वांत ताजी सोय आहे, आणि ती सोयच अधिक आहे. मूल जेवताना मोबाइल मागते, यात नवीन फक्त मोबाइल आहे. मागण्याची तऱ्हा तीच, पिस्तुलाची.

मुलाला दोषी ठरविण्याच्या बाबतीत आपल्या कायद्याने घरापेक्षा अधिक समज दाखविली असे म्हणावे लागते. सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या बालकाची समज कितपत पक्व होती हे पाहावे लागते, हा १८६० च्या दंडसंहितेतील नियम १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही कायम ठेवला आहे. मुंबई इलाख्यात १९२४ साली बालकांचा स्वतंत्र कायदा झाला, १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीत मुलांचे निरीक्षणगृह आले. ज्याला पूर्वी 'बालगुन्हेगार' म्हणत, त्याला आता सरकारी दप्तरात 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द अवजड आहे, फौजदाराच्या तोंडात तो पुरता मावतही नाही. तथापि त्यात एक सूक्ष्म न्याय आहे, की हा बालक संघर्षाने ग्रासला आहे, तो स्वतः संघर्ष नव्हे.

परंतु कायद्याची खरी शिकवण शब्दांत नाही, रीतीत आहे: कोणाविरुद्ध निर्णय देण्यापूर्वी त्याची जबानी घ्यावी लागते. घरच्या कचेरीत फिर्यादीही आपण, साक्षीदारही आपण, मुन्सिफही आपण, आणि हुकमाची अंमलबजावणीही आपल्याच उजव्या हाताने. मुलाची कैफियत मात्र कोठेच नमूद होत नाही. लंडनमधील जॉन बोल्बी यांनी १९४४ साली चोऱ्या करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला तो केवळ एवढ्याच जोरावर, की त्यांनी प्रत्येक मुलाची आणि त्याच्या आईची हकीकत प्रथमपासून ऐकून घेतली. त्यांतील १४ मुले सर्वथा मायाशून्य आढळली, आणि या १४ पैकी १२ जणांची अगदी लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली होती. आपल्याकडेही मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र उघडले होते. आज प्रस्तुत नगरातील घाटी रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. परंतु त्या दाराशी मुलाला घेऊन जाताना माणसे आजही आजूबाजूला ओळखीचे कोणी नाही ना, हे पाहून घेतात.

दिवाणजी मात्र असल्या दाराशी गेले होते. सदऱ्याची पावती फाडून झाल्यावर, दुकानात जरा सामसूम असताना, त्यांनी मला आपल्या नातवाची गोष्ट सांगितली. नातू नऊ वर्षांचा. ताट ढकलणे, आईला बुक्के मारणे, तोंडाला येईल ते बोलणे, असे चालले होते. एका समुपदेशक बाईंनी औषध दिले नाही, उपदेशही केला नाही. एक वही घालायला सांगितली. तीन रकाने: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. चाळीस वर्षे गुलमंडीत रोजकीर्द लिहिलेल्या माणसाला हे काम जड नव्हते. पंधरा दिवसांत एकवीस नोंदी झाल्या, आणि सोळाव्या दिवशी दिवाणजींनी सवयीप्रमाणे त्यांची खतावणी केली. चौदा नोंदी सायंकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यानच्या निघाल्या, म्हणजे मुलाचा बाप कामावरून येण्याची आणि जेवण अजून व्हायचे असण्याची ती वेळ. आणि तिसऱ्या रकान्यात, त्यांच्याच तिरप्या अक्षरात, नऊ ठिकाणी लिहिले होते: 'आबांनी दहा रुपये दिले.'

"नव्वद रुपये, मास्तर," दिवाणजी म्हणाले. "मी ते पोराच्या नावे टाकत होतो."

पुढची गोष्ट त्यांनी जरा थांबून सांगितली. एका रात्री नातवाने ती वही शोधून काढली आणि दिव्याखाली बसून सगळी वाचली. आदल्या दिवशीच्या नोंदीत पहिल्या रकान्यात 'कारण नसताना' असे होते, आणि दुसऱ्यात 'ताट ढकलले'. त्या पहिल्या दोन शब्दांवर बोट ठेवून त्याने विचारले, "आबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

दिवाणजींनी पट्टी घेतली, चौथा रकाना आखला आणि म्हणाले, "बोला. काय लिहू?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आधी ते खोडा."

रोजकीर्दीत खाडाखोड चालत नाही, आणि चाळीस वर्षांत दिवाणजींनी ती कधी केली नव्हती. त्या रात्री केली.